शेठ प्रेमचंद रायचंद : वैभव, वाताहत आणि समाधान

दिवाळीच्या मंगल मुहूर्तावर नव्या वहीचे पूजन करताना पहिल्या पानावर शुभ आणि लाभ हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. जैन व्यापारी त्याच पानावर गौतमस्वामींची लब्धी, अभयकुमारांची बुद्धी, कयवन्ना शेठांचे सौभाग्य आणि शालिभद्रांची ऋद्धी आपल्या घरी नांदावी, अशी प्रार्थना लिहितात. ज्या शालिभद्रांची ऋद्धी मागितली जाते, त्यांनीच एके दिवशी त्या अमाप ऋद्धीकडे पाठ फिरवून संयममार्ग स्वीकारला, हे मात्र लिहिणाऱ्याच्या ध्यानी क्वचितच येते. संपत्ती मागावी, ती न्यायाने मिळवावी आणि तरीही सुख तिच्या स्वाधीन करू नये, ही शिकवण त्या एका ओळीत दडलेली आहे. ही शिकवण ज्यांना फार मोठी किंमत मोजून शिकावी लागली, असे एकोणिसाव्या शतकातील थोर जैन श्रावक म्हणजे मुंबईचे शेठ प्रेमचंद रायचंद.

बालपण आणि उदय

प्रेमचंदांचा जन्म १८३१ च्या सुमारास सुरत येथे झाला. वडील रायचंद दीपचंद हे लाकडाचे व्यापारी. सुरतेचे पूर्वीचे वैभव तेव्हा ओसरत चालले होते आणि मुंबई बेट व्यापाराचे नवे केंद्र म्हणून पुढे येत होते. प्रेमचंद लहान असतानाच रायचंदभाई कुटुंबासह मुंबईस आले. मातोश्री राजाबाई अत्यंत धर्मनिष्ठ होत्या. व्रत, नियम, सामायिक यांचे संस्कार मुलावर झाले ते त्यांच्याच सान्निध्यात.

मुंबईत प्रेमचंदांनी इंग्रजी शिक्षण घेतले. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी ती असामान्य होती. बँका, जहाजे, गिरण्या आणि विलायती पेढ्या यांचा सारा पत्रव्यवहार इंग्रजीत चाले, तर बाजारातील दलाल गुजरातीत हिशेब ठेवीत. इंग्रजी लिहिता, वाचता व बोलता येणारे पहिले एतद्देशीय दलाल म्हणून प्रेमचंदांचा उल्लेख केला जातो. तीक्ष्ण स्मरणशक्ती, शब्दाचा पक्केपणा आणि दोन्ही भाषांवरील प्रभुत्व यांच्या बळावर पंचविशी ओलांडताच शेअर, सोने-चांदी आणि कापूस या तिन्ही बाजारांत त्यांचे नाव आदराने घेतले जाऊ लागले.

कापसाचे सोने

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्या बहुतांशी अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसावर चालत. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि तो कापूस मिळेनासा झाला. गिरण्यांची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली. गुजरात, खानदेश, वऱ्हाड येथील कापूस मुंबई बंदरातून चौपट-पाचपट भावाने परदेशी जाऊ लागला. त्या चार-पाच वर्षांत मुंबईच्या पदरात एरवीच्या मिळकतीपेक्षा सात कोटी पौंडांहून अधिक रक्कम पडली, असा अंदाज त्या काळी बांधला गेला.

एवढा पैसा आला, पण तो ठेवायचा कोठे? मग बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या आणि समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या शेअरचा भाव ५०,००० रुपयांच्या घरात गेला. या साऱ्या उलाढालीच्या केंद्रस्थानी प्रेमचंद होते. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन ही त्यांचीच उभारणी. सरकारी भागीदारी असलेल्या बँक ऑफ बॉम्बेच्या कारभारावरही त्यांचा मोठा प्रभाव होता. नव्या कंपनीला त्यांचे नाव लाभले की तिचे शेअर घेण्यासाठी झुंबड उडे. वयाच्या पस्तिशीच्या आत लोक त्यांना कापसाचा राजा म्हणून ओळखू लागले. भायखळ्याचा त्यांचा प्रेमोद्यान बंगला मुंबईच्या वैभवाचे प्रतीक ठरला.

देणारे हात

पैसा आला तसा तो दोन्ही हातांनी दिलाही गेला. सुरतेस वडिलांच्या नावे कन्याशाळा, भडोचला ग्रंथालय, अहमदाबादेस अध्यापक विद्यालय अशी देणग्यांची माळच त्यांनी गुंफली. मुलींना शाळेत पाठविणे समाजाला मान्य नव्हते, त्या काळात त्यांनी कन्याशिक्षणास हातभार लावला, हे विशेष.

१८६४ साली मुंबई विद्यापीठ अवघे सात वर्षांचे होते. त्याला स्वतःची इमारत नव्हती. प्रेमचंदांनी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले आणि त्यानंतर लवकरच घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला मातोश्री राजाबाईंचे नाव द्यावे, एवढीच इच्छा त्यांनी व्यक्त केली. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी १८६६ साली दोन लाख रुपये दिले. त्यातून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती ही देशातील अत्यंत मानाची शिष्यवृत्ती ठरली. ज्या प्रांताशी त्यांचा जन्माचा वा भाषेचा संबंध नव्हता, तेथील विद्यार्थ्यांसाठी हे दान होते.

एक जुलैचा दिवस

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. ही वार्ता मुंबईस पोहोचताच कापसाचे भाव कोसळले. चढत्या भावाच्या भरवशावर केलेले वायद्याचे सौदे १ जुलै १८६५ रोजी पुरे करायचे होते. तो दिवस उजाडला आणि कोणाजवळच देण्यास पैसा नाही, हे उघड झाले. हजारोंना विकले जाणारे शेअर रद्दीच्या मोलाचे ठरले. एकाचे देणे दुसऱ्यावर, दुसऱ्याचे तिसऱ्यावर, अशा साखळीत पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन बंद पडली. बॅक बे कंपनी गुंडाळली गेली. बँक ऑफ बॉम्बेचे सुमारे दोन कोटींचे भांडवल जवळजवळ संपूर्ण नष्ट झाले. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती; १८७२ च्या शिरगणतीत ती ६,४४,४०५ भरली. पैशाच्या मागे आलेली माणसे पैशाबरोबरच निघून गेली.

प्रेमचंदांचे सर्वस्व गेले. मालमत्ता धनकोंच्या हवाली करावी लागली. त्याहून मोठे नुकसान नावाचे झाले. बँक ऑफ बॉम्बेच्या विनाशाची सरकारने चौकशी केली, तेव्हा पुरेशा तारणाविना दिलेली कर्जे आणि बँकेवरील प्रेमचंदांचा प्रभाव यांवर ठपका आला. थोर पुरुषाचे चरित्र सांगताना ही बाजू झाकून ठेवणे उचित नव्हे. ज्यांनी त्यांच्या नावावर विसंबून पुंजी गुंतविली, अशा अनेक कुटुंबांची वाताहत झाली, हे सत्य आहे. त्यांची दानशूरता खरी होती, तसाच सट्ट्याचा मोहही खरा होता. दानाने मोहाचे परिमार्जन आपोआप होत नाही. म्हणूनच श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रह-परिमाण हे व्रत वेगळे सांगितले आहे. किती द्यावे याआधी किती मिळवावे, कोठे थांबावे, याची मर्यादा माणसाने स्वतः घालून घ्यावी लागते. तेजीच्या त्या धुंदीत मुंबईत फारच थोड्यांनी ती घातली आणि प्रेमचंद त्या थोड्यांत नव्हते.

उत्तरायुष्य

प्रेमचंद तेव्हा ३४-३५ वर्षांचे होते. ऐश्वर्याच्या शिखरावरून एका पावसाळ्यात खाली आलेला माणूस एकतर खचतो किंवा तोंड लपवून परागंदा होतो. प्रेमचंदांनी यांपैकी काहीच केले नाही. ते मुंबईतच राहिले. ज्या बाजारात त्यांचे नाव गाजले आणि गेले, त्याच बाजारात ते पुन्हा दलाल म्हणून उभे राहिले. पूर्वीचे वैभव परतले नाही, पण दलालीच्या कामातून घर सावरले आणि हळूहळू विश्वासही परत आला. १८७५ साली मुंबईच्या दलालांनी आपली रीतसर संघटना स्थापन केली. आजच्या मुंबई शेअर बाजाराचे ते मूळ. तिच्या संस्थापकांत प्रेमचंदांची गणना होते. बेबंद सट्ट्याने होरपळलेल्या या गृहस्थाने बाजाराला नियमांची चौकट देण्याच्या कामात भाग घ्यावा, यात मोठा अर्थ आहे.

आणखी एक घटना विचार करायला लावणारी आहे. राजाबाई मनोऱ्याची कोनशिला १ मार्च १८६९ रोजी बसली. त्यावेळी देणगीदार धनवान उरला नव्हता. लंडनमधील प्रख्यात वास्तुशिल्पी सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केलेल्या आराखड्यानुसार काम होत होत १८७८ च्या नोव्हेंबरात २८० फुटांचा मनोरा पूर्ण झाला. प्रेमचंदांचे शेअर गेले, बँक गेली, समुद्र बुजवून करावयाची जमीन कागदावरच राहिली. उरले ते एवढेच, जे त्यांनी देऊन टाकले होते. जे मुठीत धरले ते गेले आणि जे हातातून सोडले ते राहिले, असा हा विलक्षण हिशेब आहे.

राजाबाईंना दृष्टी नव्हती आणि चौविहाराचा त्यांचा नियम कडक होता, असे परंपरेने सांगितले जाते. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्यासाठी वेळ कोणाला विचारावी लागू नये, मनोऱ्याच्या टोल्यांवरून ती आपोआप कळावी, अशी मुलाची भावना होती, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेत इतिहास किती हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी लोकांनी ती दीडशे वर्षे जपली यातच तिचे मोल आहे. कापसाच्या राजाची संपत्ती किती होती हे आज कोणी सांगत नाही. आईच्या व्रतासाठी घंटा वाजविणारा मुलगा मात्र लोकांच्या स्मरणात आहे.

३१ ऑगस्ट १९०६ रोजी शेठ प्रेमचंदांनी देह ठेवला. वैभवाचा काळ पाच वर्षांचाही नव्हता. त्यानंतरचे साधे, कष्टाचे आणि नियमाचे आयुष्य चाळीस वर्षांहून अधिक होते. त्यांचे भायखळ्याचे उद्यानगृह पुढे अनाथ मुलींचे आश्रयस्थान झाले. २०१८ साली राजाबाई मनोऱ्यासह मुंबईच्या त्या वास्तुसमूहाला युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला.

रायगडच्या पायथ्याशी

या चरित्राचा महाड-पोलादपूरशी काय संबंध, असे कोणास वाटेल. संबंध आहे. कलकत्त्याच्या प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीच्या मानकऱ्यांत एक नाव आहे यदुनाथ सरकार. याच बंगाली अभ्यासकाने पुढे आयुष्य मोगल व मराठ्यांच्या इतिहासाला वाहिले आणि १९१९ मध्ये शिवचरित्रावरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. महाड तालुक्यात रायगड उभा आहे आणि पोलादपूर तालुक्यात तानाजी मालुसरे यांचे उमरठ. सुरतेच्या एका श्रावकाचे दान बंगालमधील विद्यार्थ्यास मिळाले आणि त्याच्या विद्येने रायगडच्या राजाची कीर्ती जगापुढे नेली. दानाचे पाणी कोणत्या शेतात जाऊन पिकेल, हे दात्यालाही ठाऊक नसते.

दुसरा संबंध अनुभवाचा. घाटावरचा माल पोलादपूरमार्गे उतरवून सावित्रीच्या बंदरातून मुंबईस धाडणारे महाड ही जुनी व्यापारी पेठ. संपत्तीची क्षणभंगुरता येथील व्यापाऱ्यास पोथीत वाचावी लागत नाही. सावित्री आणि गांधारी ती शिकवितात. जुलै २०२१ च्या महापुरात बाजारपेठेतील दुकानेच्या दुकाने पाण्याखाली गेली, वर्षानुवर्षे जमविलेला माल आणि हिशेबाच्या वह्या चिखलात रुतल्या. त्याच वेळी तळीये आणि पोलादपूर तालुक्यातील वाड्यांवर दरडी कोसळून माणसे गेली. त्या दिवसांत गावोगावहून आलेले अन्न, कपडे, औषधे आणि चिखल उपसणारे अनोळखी हात हेच खरे भांडवल ठरले. ज्याचे दुकान वाहून गेले त्यानेही शेजाऱ्यासाठी चूल पेटविली, हे समाधान कोणत्या वहीत मांडावे?

म्हणून धन तुच्छ आहे, असे म्हणणे बरोबर होणार नाही. जैन धर्माने गृहस्थाला धन मिळविण्यास मनाई केलेली नाही. उपाशी पोटाला संतोषाचा उपदेश करणे हा धर्म नव्हे. औषध, अन्न, निवारा, शिक्षण यांना पैसा लागतोच आणि तो नसण्याचे दुःख खरे असते. शास्त्राने बोट ठेवले आहे ते वस्तूवर नव्हे, तर वस्तूविषयीच्या मूर्च्छेवर, म्हणजे माझेपणाच्या आसक्तीवर. गरजेपुरते धन दुःख दूर करते. त्यापुढचे धन सुख वाढवील याची शाश्वती नाही, आणि आसक्ती वाढली तर असलेले सुखही जाते.

राजगृहीच्या पुणिया श्रावकाची कथा प्रत्येक जैन घरात सांगितली जाते. कापसाच्या पेळूंवर उदरनिर्वाह करणारा हा गरीब माणूस. घरात दोघांपुरतेच अन्न. म्हणून एके दिवशी पतीने आणि दुसऱ्या दिवशी पत्नीने उपवास करून रोज एका साधर्मिकास जेवू घालायचे, असा त्यांचा नियम. त्याच्या एका सामायिकाचे फळ विकत घेण्यास मगधसम्राट श्रेणिक गेले आणि राज्याचा सारा खजिनाही त्यासाठी अपुरा पडला. एकाच कापसाने पुणियाला दोन वेळची भाकर दिली आणि प्रेमचंदांना कुबेराचे वैभव. पुणियाला शांती शोधावी लागली नाही. प्रेमचंदांच्या वाट्याला जे समाधान आले असेल, ते सर्व काही गमावल्यानंतरच्या वाटेवरचे.

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात जमाखर्चाचा आढावा घेतला जाईल, देणगीदारांची नावे वाचली जातील. ते योग्यच आहे. त्याच वेळी या दोन श्रावकांचे स्मरण असावे. वहीच्या पहिल्या पानावर लाभाच्या आधी शुभ लिहिले जाते. तो क्रम पाळला गेला, तर मागील पानांवर कोणताही आकडा येवो, वही तोट्यात जात नाही.