नवसाची 'मशीद'

शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात 'शनवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायल स्वतःला इस्राएलच्या हरवलेल्या टोळ्यांचे वंशज मानत आले. सामाजी हसाजी दिवेकर त्यांच्यापैकीच. कंपनी सरकारच्या फौजेत असताना ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. जात विचारली तेव्हा त्यांनी 'बेने इस्रायल' सांगितली. कुराणात आलेले हे नाव ऐकून टिपूच्या आईने त्यांना जीवदान मिळवून दिले, असे समाजात सांगतात. सुटकेचा नवस त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला प्रार्थनामंदिर बांधून फेडला. मुंबईतले हे पहिले सिनेगॉग. तोरा आणायला ते कोचीनला गेले आणि तिथेच १७९७ मध्ये वारले. बेने इस्रायल आपल्या प्रार्थनामंदिराला 'मशीद'च म्हणत. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले, असे ते मानतात.