नाकारलेला विषय

दरसाल शालेय परीक्षांचे निकाल लागले म्हणजे आपल्या ज्ञातीतील घराघरांत एकच खल सुरू होतो : मुलाने अथवा मुलीने पुढे कोणता विषय घ्यावा? गुण अधिक मिळवून देणारा, की मनाचा ओढा असेल तो? अशी निवड करावयास मिळणे हेच केवढे भाग्य आहे, हे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेवरून कळून येते. त्यांच्या चरित्रातील तेवढाच भाग आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहो.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. मिळकत बेताची, पण विद्येची आवड मोठी. आपल्या मुलांनी संस्कृत शिकावे अशी त्यांची उत्कट इच्छा होती. त्या काळी हायस्कुलात इंग्रजीच्या जोडीस दुसरी एक भाषा घ्यावी लागे आणि संस्कृत व फारसी यांतून विद्यार्थी आपल्या आवडीप्रमाणे निवड करीत. परंतु अस्पृश्य गणलेल्या जातीच्या मुलास ही निवड नव्हती. संस्कृतच्या शिक्षकांनी अशा मुलांस शिकविण्याचे साफ नाकारले. थोरले बंधू आनंदराव यांस प्रथम फारसीकडे वळावे लागले. मागाहून भीमरावांच्याही वाट्यास तेच आले.

पुढे हे कुटुंब मुंबईस परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. तेथे एकदा शिक्षकांनी त्यांस फळ्यावर उदाहरण सोडविण्यास बोलाविले, तोच वर्गातील मुलांनी फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून ते उचलण्यास धाव घेतली. अशा वर्गात बसून विद्या संपादन करणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी.

अशा स्थितीत एखादा मुलगा फारसीच्या तासास केवळ नाइलाज म्हणून बसता आणि विषय कसाबसा पार पाडता, तर त्यास कोण दोष देता? भीमरावांनी तसे केले नाही. जे दार उघडे होते त्यातून ते पूर्ण मनाने आत गेले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यांच्या अभिनंदनाच्या सभेस सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले. हे दोघेही निराळ्या ज्ञातींतील गृहस्थ; परंतु गुणांचे चीज करताना ज्ञातीची भिंत त्यांस आड आली नाही. केळुसकरांच्या खटपटीने श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी भीमरावांस दरमहा २५ रुपयांची विद्यावृत्ती दिली. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी बी. ए. केले ते इंग्रजी आणि फारसी हेच विषय घेऊन. १९१३ साली ते अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा प्रथमच विषयांची निवड त्यांच्या हाती आली. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे नाना विषय त्यांनी हाती घेतले. कोंडलेले पाणी वाट मिळताच धावते, तसेच हे झाले.

तथापि नाकारलेला विषय त्यांनी सोडला नाही. संस्कृत ग्रंथांचा त्यांनी स्वतःच्या बळावर व्यासंग केला. शूद्र मूळचे कोण, या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९४६ साली निघाला. संस्कृतावर आपले प्रभुत्व नाही, हे त्यांनी त्याच्या प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले. पण भाषांतरांच्या आधारे का होईना, पंधरा वर्षे ते वाङ्मय अभ्यासल्याने या विषयावर लिहिण्याचा अधिकार आपणांस आला आहे, असेही त्यांनी ठामपणे नमूद केले. शाळेत ज्यास त्या भाषेच्या उंबरठ्यावर अडविले, त्याने तिच्यातील ग्रंथांचीच उलटतपासणी घेतली!

पुढे बौद्ध ग्रंथांसाठी त्यांनी पाली भाषेचा अभ्यास आरंभिला. तिचे व्याकरण व शब्दकोश यांवर त्यांनी केलेले काम महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा त्रिशरण त्यांनी पालीतच उच्चारले. पुढे दोन महिनेही लोटले नाहीत तोच, ६ डिसेंबर रोजी, दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

विषय नाकारल्यानेच ते थोर झाले, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. अन्याय हा कोणाचा गुरू नव्हे. नाकारलेल्या कितीतरी मुलांची बुद्धी अंधारातच विझली. त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. म्हणून आमची पालकांस विनंती आहे की, मुलामुलींचा कल पाहून त्यांस विषय निवडू द्यावा. मुलगी आहे म्हणून, खर्च फार म्हणून अथवा आपल्यात कोणी तो घेतला नाही म्हणून दार लावू नये. जे आपल्यांतील शिक्षक आहेत त्यांनी वर्गात येणाऱ्या प्रत्येक मुलास, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असो, समोर बसवावे. आणि विद्यार्थ्यांस एवढेच सांगणे की, मिळालेला विषय मनापासून शिकावा, न मिळालेला जन्मभर सोडू नये.