थकलेल्या मातीचा सेवक : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी घराघरांत पोहोचले. शेंगदाण्यापासून नानाविध वस्तू बनविणारे शास्त्रज्ञ हीच त्यांची ओळख आपल्या मनात राहिली आहे. परंतु शेंगदाण्याच्या आधी त्यांनी मातीचा विचार केला होता. आज आपण त्या दृष्टीने त्यांच्या जीवनाकडे पाहू या.

अमेरिकेतील मिझुरी राज्यात, मोझेस कार्व्हर यांच्या शेतावर, १८६४ च्या सुमारास एका गुलाम मातेच्या पोटी त्यांचा जन्म झाला. जन्माची नेमकी तारीख कोणी नोंदवून ठेवली नाही. तान्हे असतानाच माणसे पळविणाऱ्या टोळीने त्यांना आईसह उचलून नेले. बाळ परत मिळाले. आई मात्र पुन्हा कधीच दिसली नाही. मोझेस व त्यांची पत्नी सुझन यांनी या नाजूक प्रकृतीच्या मुलाला वाढविले. झाडाझुडपांत रमणारा हा मुलगा पुढे शिक्षणासाठी गावोगाव फिरला. कपडे धुऊन, स्वयंपाक करून तो पोट भरत असे. कान्सासमधील एका महाविद्यालयाने तर प्रवेश मंजूर करूनही त्याचा वर्ण पाहताच दार बंद केले. अखेरीस आयोवा येथील कृषी महाविद्यालयातून त्यांनी १८९४ साली पदवी व १८९६ साली पदव्युत्तर पदवी मिळविली.

त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या निमंत्रणावरून ते अलाबामातील टस्कगी संस्थेत दाखल झाले. तेथील चित्र विदारक होते. वर्षानुवर्षे केवळ कापूस घेतल्याने जमीन निकस झाली होती, पावसाने वरची माती वाहून जात होती. गुलामीतून मुक्त झालेली कुटुंबे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत होती आणि सावकाराच्या कर्जात बुडाली होती. विकतचे खत त्यांना परवडणारे नव्हते.

म्हणून कार्व्हर यांनी फुकट मिळणाऱ्या वस्तूंकडे लक्ष वेधले. जंगलातील पालापाचोळा, दलदलीतील काळा गाळ आणि गोठ्यातील शेण एकत्र कुजवून जमिनीत मिसळावे, असे ते सांगत. झिजलेल्या जमिनी कशा सुधाराव्यात, यावर त्यांनी १९०५ साली एक पुस्तिकाच काढली.

दुसरा उपाय पिकांच्या फेरपालटाचा. चवळी, भुईमूग यांसारख्या द्विदल पिकांच्या मुळांवर लहान गाठी असतात. त्यांत राहणारे सूक्ष्म जीवाणू हवेतील नत्र वनस्पतीला घेता येईल अशा रूपात आणतात आणि वनस्पती त्यांना अन्न पुरविते. हे रहस्य जर्मन संशोधकांनी १८८० च्या दशकात उलगडले होते. ते गरीब शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्याचे काम कार्व्हर यांनी केले. पिकाचे वेल व पाने जमिनीत परत गाडली, तरच तिला खरा लाभ होतो. या पिकांतून घरातील मुलांना प्रथिनेही मिळत. १९०६ साली अवजारे व नमुने घेऊन गावोगाव फिरणारी घोडागाडी सुरू झाली. जे शाळेत येऊ शकत नव्हते, त्यांच्याकडे शाळाच गेली.

तरीही सत्य सांगितले पाहिजे. कार्व्हर यांच्या सल्ल्याने सर्वांचे दारिद्र्य फिटले नाही. जमीन ज्याच्या मालकीची, तो कापूसच मागत असे. कुळाला पीक निवडण्याचे स्वातंत्र्य क्वचितच होते. माती सुधारता येते, पण अन्याय्य व्यवस्था केवळ शेणखताने सुधारत नाही. हे ठाऊक असूनही ते सुमारे ४७ वर्षे टस्कगी येथेच राहिले.

ते प्रोटेस्टंट पंथाचे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. पहाटे रानात जाऊन ते परमेश्वराशी संवाद साधत आणि टस्कगीतील विद्यार्थ्यांसाठी बायबलचा वर्ग घेत. अविवाहित राहून, साधेपणाने जगून साठविलेली पुंजी त्यांनी संशोधनासाठी दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले.

पेरणाऱ्याचा दाखला ऐकताना आपण खडकाळ जमिनीवर पडलेल्या बियांची हळहळ करतो. कार्व्हर यांनी आयुष्यभर त्या जमिनीचीच काळजी वाहिली. आपल्या वाडीत किंवा अंगणात गोळा केलेला पाला पेटविण्यापूर्वी आपण क्षणभर थांबलो आणि तो खड्ड्यात शेणाबरोबर कुजू दिला, तर या सेवकाचे स्मरण खऱ्या अर्थाने होईल.