रमण राघव : मानसशास्त्राने काय उलगडले, काय नाही?

मुंबईच्या उपनगरांत झोपडीत, पदपथावर झोपलेल्यांचे खून करणारा रमण राघव ऑगस्ट १९६८ मध्ये पकडला गेला. त्याने गुन्हे कबूल केले. पोलिसांच्या डॉक्टरांना मनोविकार दिसला नाही. बचाव पक्षाच्या तज्ज्ञाने स्किझोफ्रेनियाचे निदान केले. १९६९ मध्ये फाशीची शिक्षा झाली. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशावरून तीन मनोविकारतज्ज्ञांनी तपासले, आजार बरा होणारा नसल्याचे सांगितले आणि फाशीऐवजी जन्मठेप झाली. येरवडा कारागृहात असलेल्या रमणचा १९९५ मध्ये पुण्यात मृत्यू झाला.

निदानामुळे त्याचे भ्रम समजले, जीव वाचला. पण या आजाराचे बहुतेक रुग्ण कुणावर हात उगारत नाहीत. उघड्यावर झोपणारेच बळी का ठरले, याचे उत्तर मुंबईच्या घरटंचाईत शोधावे लागते.