कवि नारायण वामन टिळक आणि त्यांचें गणगोत

मनुष्याचें गणगोत कोणतें, या प्रश्नास व्यवहारांत सोपें उत्तर आहे. ज्यांच्याशीं रक्ताचा संबंध, ज्यांचें सोयरसुतक आपणांस लागतें, ते आपले आप्त. परंतु धर्माच्या क्षेत्रांत शिरतांच हाच प्रश्न बिकट होतो. ज्याची उपासना निराळी, ज्याचा ग्रंथ निराळा, जो देवास निराळ्या नांवानें हांक मारतो, त्यास आत्मिक दृष्ट्या आपला भाऊ म्हणावें कीं नाहीं? ख्रिस्ती मनुष्यानें हिंदु, मुसलमान, जैन वा पारशी शेजाऱ्यास केवळ शेजारी समजावें, कीं एकाच पित्याच्या घरचा समजावें? मिशनच्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बाकावर बसतात आणि एकाच घंटेस उठतात. म्हणून हा प्रश्न केवळ पंडितांचा नसून आपणां सर्वांचा आहे. वादविवादानें त्याचें उत्तर शोधण्याऐवजीं, ज्यानें तें आयुष्याचें मोल देऊन शोधलें, अशा एका महाराष्ट्रीय पुरुषाचें चरित्र आम्ही आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ता. ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें चित्पावन ब्राह्मण कुळांत झाला. मातोश्री जानकीबाई भाविक व काव्याची आवड असलेल्या होत्या. पुत्राचें कवित्व हें पुष्कळ अंशीं त्यांचेंच देणें. लहानपणींच मातृछत्र हरपलें आणि हा मुलगा घर सोडून नाशिकास गेला. तेथें गणेशशास्त्री लेले या विद्वान गृहस्थांपाशीं त्यानें संस्कृताचें अध्ययन केलें. पुढें जलालपूरच्या गोखले घराण्यांतील मनकर्णिका यांच्याशीं टिळकांचा विवाह झाला. याच पुढें लक्ष्मीबाई टिळक या नांवानें महाराष्ट्रास परिचित झाल्या. टिळकांचा स्वभाव मोठा अस्थिर, हात सढळ आणि डोकें सदैव कसल्या तरी मोठ्या विचारांत गुंतलेलें. शिक्षकी, कीर्तन, पुराण, ग्रंथशोधन असे अनेक व्यवसाय त्यांनीं केले. परंतु पैका त्यांच्या हातीं कधीं टिकला नाहीं. नागपुरास असतां ऋषि नांवाचें मासिक त्यांनीं चालविलें. रूढ आचारधर्मानें त्यांचें समाधान होईना. सर्व मनुष्यांस एकत्र आणील असा धर्म असावा, अशी तळमळ त्यांस लागून राहिली होती.

इ. स. १८९३ मध्यें नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडीच्या डब्यांत त्यांची एका युरोपियन गृहस्थाशीं गांठ पडली. उभयतांचें काव्यावर व धर्मावर संभाषण झालें, आणि निरोप घेतांना त्या गृहस्थानें नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातीं दिली. दिलेल्या वचनाप्रमाणें त्यांनीं ती वाचावयास घेतली. डोंगरावरील प्रवचनापाशीं येतांच त्यांचें मन तेथेंच खिळलें. शत्रूवरहि प्रीति करावी, ही शिकवण ज्यानें दिली आणि स्वतः आचरून दाखविली, त्याच्या पायांपाशीं आपला शोध संपला, असें त्यांस वाटलें. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबई येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

येथें चरित्रलेखकास क्षणभर थांबावें लागतें. हें पाऊल टिळकांनीं पत्नीस आधीं न कळवितां उचललें. त्या काळीं धर्मांतर म्हणजे जातीबाहेर पडणें, आणि जातीबाहेर पडणें म्हणजे आप्तांच्या लेखीं जिवंतपणीं मरणें, अशी स्थिति होती. बातमी कानीं पडतांच लक्ष्मीबाईंवर जणूं आकाशच कोसळलें. पदरीं चार वर्षांचा देवदत्त. नवरा जिवंत, परंतु त्याच्या घरीं जाण्याची सोय नाहीं. त्यांनीं कित्येक वर्षें पंढरपूर वगैरे ठिकाणीं नातेवाइकांच्या आश्रयानें काढलीं. सर्व मानवजात एक कुटुंब व्हावी, अशी ज्याची तळमळ, त्याचेंच कुटुंब प्रथम दुभंगलें! ही व्यथा टिळकांच्या अंतःकरणांतून कधींहि गेली नाहीं. आमच्या मतें त्यांच्या पुढील आयुष्याचा अर्थ या व्यथेंतच सांपडतो.

कांहीं वर्षांनीं लक्ष्मीबाई मुलासह अहमदनगरास पतीकडे आल्या. परंतु आल्या त्या आपला धर्म व आपलें सोंवळें सांभाळूनच. टिळकांनीं त्यांस ख्रिस्ती होण्याचा आग्रह केला नाहीं. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळें. एकाच दांपत्याच्या संसारांत दोन चुली पेटूं लागल्या. नवऱ्याची सत्ता अनिर्बंध मानणारा तो काळ होता. शब्दाचा धाक घालून चूल एक करणें टिळकांस अशक्य नव्हतें. परंतु धाकानें एक झालेली चूल म्हणजे एक झालेलें घर नव्हे, हें ते पूर्वींच्या चुकीवरून शिकले असावेत. पुढें लक्ष्मीबाईंनीं स्वतःच विचार करून जातिभेद मनुष्यानें निर्माण केला असा निश्चय केला, आणि १९०० सालीं त्यांनीं आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. पतीनें धर्म सांगितला, परंतु निर्णय पत्नीचा होता. दुसऱ्याच्या श्रद्धेस आप्ताप्रमाणें वागविणें म्हणजे काय, याचा पहिला धडा हा असा स्वयंपाकघरांत गिरविला गेला.

टिळकांनीं अहमदनगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेंत अध्यापन केलें. १९०४ मध्यें त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून अखेरपर्यंत ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचें संपादन त्यांच्याकडे होतें. त्यांच्यापूर्वीं मंडळ्यांत गाइलीं जाणारीं बरींच गीतें परकीय चालींवर बसविलेलीं असत. टिळकांनीं अभंग व ओवी यांचा मार्ग धरला. वारकरी ज्या जिव्हाळ्यानें विठोबास माउली म्हणतो, त्याच जिव्हाळ्यानें त्यांनीं ख्रिस्तास माउली म्हटलें. ख्रिस्ताच्या चरणांशीं आपण तुकोबांनीं बांधलेल्या पुलावरून आलों, असें ते सांगत. या एका उद्गारांत मोठा अर्थ आहे. पूल ओलांडल्यावर तो मोडून टाकणारे पुष्कळ असतात. टिळकांनीं तो मोडला नाहीं. तुकोबांस त्यांनीं परक्या धर्माचा संत न मानतां आपल्याच वंशावळींत मान दिला.

रक्ताच्या व धर्माच्या पलीकडील नात्याचें उदाहरण त्यांच्या घरींच घडलें. १९०७ सालीं जळगांव येथें कविसंमेलन भरलें. तेथें त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोंवळ्या कवीस बालकवि ही पदवी मिळाली. टिळकांनीं या मुलाचे गुण हेरले आणि त्यास नगरास आपल्या घरीं आणलें. लक्ष्मीबाईंनीं त्याचे लाड केले आणि प्रसंगीं कानहि धरले. ख्रिस्ती पाळकाच्या घरीं हिंदु ब्राह्मणाचा मुलगा पुत्रासारखा नांदूं लागला. ५ मे १९१८ रोजीं आगगाडीच्या अपघातांत बालकवींचा अकालीं अंत झाला. ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले आणि टिळकांच्या घरचेहि राहिले. या दोन गोष्टींत विरोध आहे, असें त्या घरांत कोणास वाटलें नाहीं.

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, १९१७ मध्यें, टिळकांनीं मिशनच्या वेतनाचा त्याग केला, संन्यस्त वृत्ति स्वीकारली आणि सातारा येथें देवाचा दरबार नांवाची संस्था आरंभिली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे सर्व ख्रिस्तशिष्य जींत बंधुभावानें एकत्र येतील, अशी ती मंडळी असावी, हा त्यांचा हेतु होता. मनुष्य ख्रिस्ती होतांच आपल्या भाषेंतून, चालीरीतींतून व आप्तेष्टांतून उपटला जातो, हें त्यांनीं स्वतःच्या घरीं अनुभवलें होतें. दरबाराच्या दारांत तसें उपटून घेण्याची अट नव्हती.

या कल्पनेवर दोन्ही बाजूंनीं आक्षेप संभवतात, आणि ते क्षुल्लक नाहींत. ख्रिस्ती मनुष्य विचारील, कीं बाप्तिस्म्यावांचून बंधुत्व मानलें तर बाप्तिस्म्यास अर्थ काय उरला? हिंदु मनुष्य विचारील, कीं हें बंधुत्व खरें, कीं मासा गळास लागावा म्हणून लाविलेलें आमिष? पहिल्यास टिळकांचें आयुष्य असें उत्तर देतें, कीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्म्यासाठीं घर, जात व मान यांची किंमत मोजली. अशा मनुष्यावर बाप्तिस्मा हलका लेखल्याचा आरोप टिकत नाहीं. दुसऱ्यास बालकवींचें उदाहरण उत्तर देतें. आपण ज्यास रत्न समजतों तें दुसऱ्यानें घ्यावें, ही इच्छा टिळकांनीं कधीं लपविली नाहीं. परंतु त्यानें तें घेतलें नाहीं म्हणून त्याच्या पानावरील घासहि त्यांनीं कमी केला नाहीं.

सर्व धर्म सारखेच आहेत, तेव्हां आपण सर्व एक, असें म्हणणें सोपें आहे; त्यांत कोणास कांहीं सोडावें लागत नाहीं आणि कोणाचें ऐकूनहि घ्यावें लागत नाहीं. जो आमच्यांतला नाहीं तो परका, असें म्हणणें तर त्याहून सोपें. टिळकांनीं हे दोन्ही सोपे मार्ग टाकले. आपली निष्ठा ढळूं न देतां दुसऱ्यास आप्त मानणें, हा तिसरा मार्ग अवघड आहे. कारण त्यांत मतभेदाचें दुःख सोसावें लागतें. परंतु कोणत्या घरांत भावाभावांचें सर्व बाबतींत एकमत असतें? भाऊ हा मत जुळलें म्हणून भाऊ होत नाहीं. एका पित्याचा म्हणून तो भाऊ असतो. येशूनेंहि आपले आईभाऊ कोण हें सांगतांना कुळाकडे बोट दाखविलें नाहीं. जो देवाच्या इच्छेप्रमाणें चालतो त्याच्याकडे दाखविलें. ती इच्छा कोण पाळतो, याची यादी करण्याचें काम त्यानें आपणांकडे सोंपविलेलें नाहीं.

दरबार वाढीस लागण्यापूर्वींच ता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई रुग्णालयांत टिळकांचें देहावसान झालें. त्यांच्या इच्छेनुसार देहास अग्नि देण्यांत आला आणि रक्षा अहमदनगरास नेण्यांत आली. पूर्वजांच्या रीतीनें देह अग्नीस आणि अवशेष आपल्या मंडळीच्या भूमीस, असा हा अखेरचा निरोपहि दोन्ही घरांचा झाला. त्यांच्या पश्चात् दरबार फार काळ टिकला नाहीं. परंतु त्या विचाराचें बीज वाया गेलें नाहीं. त्यांचें इंग्रजी चरित्र लिहिणाऱ्या विन्स्लो साहेबांनीं १९२२ मध्यें अहमदनगरास ख्रिस्त सेवा संघ स्थापिला, आणि देशी व परदेशी बंधु तेथें एकत्र राहूं लागले. लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रांचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या समाजानें या घरास एकदां दारें लावलीं होतीं, त्याच समाजाच्या घरोघरीं तें पुस्तक आवडीनें वाचलें गेलें.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शेजारीं बसणाऱ्या निराळ्या धर्माच्या मुलास आपण काय मानावें, हें ठरविण्यास मोठ्या ग्रंथांची जरूरी नाहीं. त्यानें आपल्यासारखें व्हावें, अशी अट न घालतां त्याचें दुःख आपणांस लागतें कीं नाहीं, एवढें पाहावें. आणि पालकांनीं, आपल्या मुलाचा असा मित्र दारीं आला असतां त्याचें पान कोठें मांडावयाचें, याचा विचार करावा. टिळकांच्या घरीं तें घरच्या मुलांच्या पंगतींतच मांडलें जात असे.