वकिली सोडलेला कुलूपवाला

तुमच्या घरात एक लोखंडी कपाट असेल. त्यावर नाव कुठल्याही कंपनीचं असो, आजी त्याला गोदरेजचं कपाटच म्हणते. अख्ख्या वस्तूलाच आपलं आडनाव चिकटावं, हे फार थोड्या धंदेवाल्यांच्या वाट्याला येतं. ते कपाट बाजारात आलं १९२३ साली. पण ज्यांच्यामुळे हे आडनाव घराघरांत गेलं, त्या अर्देशिर गोदरेज यांचा पहिला धंदा पहिल्याच सौद्यात बुडाला होता. त्याआधी वकिलीही बुडालीच होती.

हे तुम्हाला आवर्जून सांगतोय, कारण तुमच्यापैकी बरेच जण कॉलेज करता करता काही ना काही विकताय. कुणी केक, कुणी टीशर्ट, कुणी दिवाळीत पणत्या आणि उटणं, कुणी मित्राबरोबर लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरी घेतंय. माल कसा खपवायचा, हे सांगायला हजार जण आहेत. पण उधारी अडकली तर काय, एखादं गिऱ्हाईक बिथरून चार ग्रुपवर काहीबाही लिहायला लागलं तर काय, घरच्यांनी दिलेले पैसे बुडाले तर काय, हे फारसं कुणी बोलत नाही. अर्देशिर यांचं आयुष्य त्या बाजूनं वाचून बघा.

जन्म १८६८ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. सहा भावंडांत थोरले. वडील बुर्जोरजी जमीनजुमल्याचे व्यवहार करायचे, म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी. १८९० मध्ये लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी पत्नी बचुबाई राजाबाई टॉवरवरून पडून गेल्या. त्या प्रकरणानं तेव्हाची मुंबई हादरली, खटला चालला. अर्देशिर यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

कायद्याचं शिक्षण झालं आणि १८९४ मध्ये मुंबईच्या एका सॉलिसिटर फर्मनं त्यांना खटला चालवायला थेट झांझिबारला पाठवलं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या बेटावर तेव्हा भारतीय व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. तरुण वकिलासाठी केवढी मोठी संधी! पण तिथे एका मुद्द्यावर गाडी अडली. आपल्या पक्षकाराच्या बाजूनं जे ठासून सांगायचं, ते खरं असल्याची खात्री अर्देशिर यांना स्वतःलाच पटेना. त्यांनी ते मांडायला नकार दिला. पक्षकारांनी विनवलं, समजावलं. हे ऐकेनात. शेवटी बोट पकडून मुंबईला परत. वकिली संपली.

घरी काय वातावरण असेल, कल्पना करा. डिग्री आहे, काम नाही, आणि कारण काय, तर खोटं बोलायला जमेना.

मग एका केमिस्टच्या दुकानात मदतनिसाची नोकरी. तिथे डॉक्टरांची हत्यारं रोज हाताखालून जायची. चाकू, चिमटे, कात्र्या, सगळं विलायतेहून येणारं. हे आपल्याकडे का बनू नये, हे डोक्यात बसलं. पण भांडवल कुठून आणणार? वडिलांकडे पैसा होता. तरी अर्देशिर गेले ते वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडे आणि ३,००० रुपये मागितले. कामांनाही नवल वाटलं. घरात पैसा असताना बाहेर कशाला हात पसरायचा? अर्देशिर यांचं म्हणणं सरळ होतं. वडील पैसे देतील, पण बक्षीस म्हणून देतील, आणि मला बक्षीस नको, कर्ज हवंय.

इथे जरा थांबा. कारण आपल्याकडे छोट्या धंद्याचं पहिलं भोक इथेच पडतं. पप्पांकडून घेतलेले पैसे आपण भांडवल म्हणतो, पण ते कुठे लिहून ठेवलेले नसतात. धंदा चालेना झाला की आणखी थोडे घेतो. कुणी तारीख विचारत नाही, म्हणून आपणही हिशोब बघत नाही. कर्ज मात्र विचारतं. ते डोक्यावर असलं की धंदा तोट्यात चाललाय हे सहाव्या महिन्यात कळतं, सहाव्या वर्षी नाही. अर्थात कर्ज घ्या असा सल्ला मी देत नाहीये. ३,००० रुपये ही त्या काळात बऱ्यापैकी रक्कम होती आणि ती फेडायची जबाबदारी एका बेरोजगार वकिलाची होती.

हत्यारं तयार झाली. एका मोठ्या ब्रिटिश मालकीच्या कंपनीला माल दाखवला. तो पसंतही पडला. अडलं ते शिक्क्यावर. मालकाला हत्यारांवर आपल्या देशाचं नाव हवं होतं, भारतात बनलेलं म्हटलं तर ते कोण घेणार, असा त्याचा हिशोब. अर्देशिर यांना शिक्का भारताचाच हवा होता. दोघंही हटले नाहीत. सौदा मोडला आणि त्याबरोबर धंदाही.

ही गोष्ट नेहमी देशाभिमानाची म्हणून सांगतात. ती आहेच. पण धंद्याच्या डोळ्यांनी बघितलं तर तिच्यात एक चूक दिसते आणि एक शहाणपणही. चूक अशी की सगळी मदार एका गिऱ्हाइकावर होती. तो नाही म्हणाला की खेळ खलास. आजही एकाच दुकानाला माल देणाऱ्याची, किंवा एकाच ॲपवरून ऑर्डरी घेणाऱ्याची हीच गत होते. आणि शहाणपण असं की माल आपण बनवायचा आणि शिक्का दुसऱ्याचा मारायचा, तर जे काही चांगलं नाव होईल ते त्या दुसऱ्याचं होणार. दहा वर्षं खपून हाती काय, तर कारागिरी. अर्देशिर यांनी तोटा पत्करला, नाव दिलं नाही. मला विचाराल तर यात थोडा हट्टही होता.

आता पुढचा प्रसंग जास्त महत्त्वाचा. हा माणूस पुन्हा त्याच कामांकडे गेला. पहिला धंदा बुडालाय, आणि आता मला कुलपं करायचीयत, त्यासाठी पैसे हवेत, असं सांगायला. मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी त्यांनी पेपरात वाचली होती. कामांनी पुन्हा पैसे दिले. बुडालेल्या माणसाला दुसऱ्यांदा कर्ज का मिळतं? मी लावलेला अर्थ असा की पहिला धंदा कसा बुडाला हे कामांना पुरतं ठाऊक होतं. माल खराब नव्हता, पैसे उडवलेले नव्हते आणि कर्ज घेणारा तोंड लपवून बसला नव्हता. बाहेर नाव व्हायच्या आधी अर्देशिर यांचं नाव एका माणसापाशी झालं होतं, आणि तेवढंच त्या वेळी कामाला आलं.

७ मे १८९७. लालबागला बॉम्बे गॅस वर्क्सच्या शेजारी २१५ चौरस फुटांची शेड, म्हणजे आजच्या वन रूम किचनएवढी जागा. गुजरात आणि मलबारकडून आणलेले डझनभर कारागीर. मुंबईत तेव्हा प्लेग होता. हजारो लोक शहर सोडून गावाकडे पळत होते. अशा वेळी कोण कारखाना काढतं, असं तुम्हाला वाटेल. पण बंद घरांच्या शहराला कुलपं लागणारच की!

कुलपाच्या धंद्यात एक भयंकर गोष्ट असते. केक बिघडला तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, एवढंच. कुलूप बिघडलं तर त्याचं घर लुटलं जातं, आणि चोरी झाली की गल्लीत चोराआधी कुलपाचं नाव निघतं. एका किल्लीनं शेजाऱ्याचंही कुलूप उघडलं, एवढी बातमी फिरली तरी दुकान बंद. अर्देशिर यांनी हा धोका जाहिरातीखाली झाकला नाही, उलट स्वतःच्या अंगावर घेतला. कुलपाबरोबर हमी दिली की या कुलपाची किल्ली दुसऱ्या कुठल्याही कुलपाला लागणार नाही. अशी हमी छापणं सोपं, पाळणं महाग. कारण मग एकाच मापाच्या किल्ल्या भराभर पाडता येत नाहीत, प्रत्येक कुलपाचं आतलं काम वेगळं ठेवावं लागतं. म्हणजे नाव सांभाळायचा खर्च त्यांनी बनवतानाच केला, तक्रार आल्यावर नाही.

आतलं काम म्हणजे काय, तेही बघा. चांगल्या कुलपात एकावर एक पातळ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी ठरावीक उंचीइतकीच उचलली गेली तर कुलूप उघडतं, आणि तेवढी ती उचलण्यासाठी किल्लीचे दात कापलेले असतात. या पट्ट्या दाबून धरायला एरवी स्प्रिंग असते. स्प्रिंग कालांतरानं सैल पडते, तुटते. अर्देशिर यांनी स्प्रिंग नसलेलं कुलूप काढलं आणि त्याचं पेटंटही घेतलं. जो भाग पुढे दगा देईल तोच त्यांनी काढून टाकला.

त्यांचं आणखी एक कुलूप होतं, त्याला दोन किल्ल्या असायच्या. दुसऱ्या किल्लीनं आतली रचना बदलता यायची आणि मग पहिली किल्ली निकामी व्हायची. समजा, किल्ली घेऊन मुनीम सोडून गेला. नवं कुलूप घ्यायची गरज नाही. (तुमचा पार्टनर पासवर्ड घेऊन गेला तर काय कराल, हे आत्ताच ठरवून ठेवा.) आणि एक कुलूप असं की चुकीची किल्ली घातली की ते जाम व्हायचं, मालकाला कळायचं की कुणीतरी हात लावलाय.

कुलपांवरून तिजोऱ्यांवर उडी मारली ती १९०२ च्या सुमारास. चोर सांधा शोधतो, आग फटीतून आत शिरते, म्हणून एकाच पोलादी पत्र्याला वळवून तिजोरी घडवायची, असं तंत्र त्यांनी बसवलं. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी भारतात आले त्या दौऱ्यात गोदरेजची तिजोरी बरोबर होती. भाऊ पिरोजशा तोवर धंद्यात आले होते.

दरम्यान अर्देशिर कर्ज फेडायला कामांकडे गेले. कामा म्हातारे झाले होते. त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्याऐवजी आपल्या बॉइस नावाच्या भाच्याला भागीदार करून घे, असं सांगितलं. केलं. बॉइस काही फार दिवस टिकले नाहीत, पण त्यांचं नाव मात्र पाटीवरून काढलं नाही. गोदरेज अँड बॉइस हे नाव तिथून आलं. पार्टनर गेला की रातोरात त्याचे फोटो डिलीट करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

मग स्वदेशीची लाट आली. देशी माल घ्या, अशी हाक होती आणि अर्देशिर यांच्यासाठी ती सुगीच होती. पण त्यांचं इथेही जमेना. देशी आहे म्हणून हलका माल गोड मानून घ्या, असं लोकांना सांगणं त्यांना मान्य नव्हतं आणि ते हे उघड बोलायचे. गंमत बघा. शिक्का भारताचाच हवा म्हणून ज्यानं पहिला धंदा घालवला, तोच आता सांगत होता की शिक्क्याच्या जिवावर विकू नका. चळवळीबद्दल आस्था नव्हती असंही नाही. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले.

साबणाची गोष्ट अशीच. कुलूपवाल्यानं साबण काढणं म्हणजे चांगल्या चाललेल्या नावाशी जुगारच. साबण फसला तर कुलपंही बदनाम. पण त्या काळी साबणात सर्रास प्राण्यांची चरबी असायची आणि कितीतरी घरांत ती चालत नव्हती. अर्देशिर यांनी वनस्पती तेलापासून साबण करायचं तंत्र जमवलं आणि १९१८ मध्ये कपडे धुण्याचा साबण आणला. नाव ठेवलं चावी! अंगाच्या साबणाच्या वेळी त्यांनी आधी नंबर दोन आणला, नंबर एक नंतर. दोनच एवढा चांगला तर एक कसा असेल, असं लोकांना वाटावं म्हणून. म्हणजे माणूस साधा होता, भोळा नव्हता. पुढे दुसऱ्या एका साबणवाल्यानं गांधीजींकडे आशीर्वाद मागितले, तेव्हा गोदरेज यांना त्याची झळ लागणार असेल तर आपल्याला ते देता येणार नाहीत, असं गांधीजींनी कळवलं.

१९२८ मध्ये, साठीला आल्यावर, अर्देशिर यांनी सगळा धंदा पिरोजशा यांच्या नावावर करून टाकला आणि स्वतः नाशिकला शेती करायला गेले. मूलबाळ नव्हतं. मागे राहिलं असतं तर वाटण्यांचं भांडण, तेही त्यांनी हयातीतच मिटवलं. नाशिकच्या शेतीत काही जमलं नाही. पण तिथल्या तोट्याची झळ मुंबईच्या कारखान्याला लागली नाही, कारण तो तोवर त्यांचा राहिलाच नव्हता. जानेवारी १९३६ मध्ये ते गेले.