भगवान श्रीरमण महर्षी : ‘मी कोण?’

(जन्म : तिरुच्चुळी, ३० डिसेंबर १८७९ – महानिर्वाण : तिरुवण्णामलै, १४ एप्रिल १९५०)

मनुष्य जन्मभर मी आणि माझे म्हणत असतो. परंतु हा मी म्हणजे देह, नाव, मन की आणखी काही, याचा शोध घेणारा विरळाच. भगवान श्रीरमण महर्षींचे अवघे चरित्र म्हणजे हा शोध होय.

तामिळनाडूतील तिरुच्चुळी या क्षेत्री सुंदरम् अय्यर व अळगम्माळ या दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. नाव वेंकटरमण. बाराव्या वर्षी पितृछत्र हरपले व ते मदुरै येथे काकांकडे राहून शिकू लागले.

जुलै १८९६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, काकांच्या घरी माडीवर एकटेच बसले असता त्यांना अकस्मात मृत्यूच्या भयाने ग्रासले. प्रकृती उत्तम होती. कोणासही हाक न मारता ते हातपाय ताठ करून, ओठ मिटून प्रेतवत् पडून राहिले. हा देह उद्या स्मशानात जळेल. त्याबरोबर मीही संपणार काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःस केला. देह निश्चेष्ट असूनही ‘मी’ची जाणीव लखलखीत होती. मरतो तो देह, मी नव्हे, हे त्यांना प्रत्यक्ष उमगले आणि मृत्यूचे भय कायमचे लोपले.

२९ ऑगस्ट १८९६ रोजी त्यांनी गृहत्याग केला. वडील बंधूंच्या महाविद्यालयीन शुल्काचे पाच रुपये त्यांच्याजवळ होते. त्यांतील तीन घेऊन दोन त्यांनी चिठ्ठीसह मागे ठेवले. त्या चिठ्ठीच्या आरंभी ‘मी’ असा उल्लेख आहे, पुढे त्या जागी ‘हे’ येते आणि अखेरीस स्वाक्षरीच नाही. १ सप्टेंबरला ते तिरुवण्णामलै येथे श्रीअरुणाचलेश्वराच्या चरणी पोहोचले व तेथून पुन्हा कधीही परतले नाहीत. १८९८ मध्ये मातोश्रींनी त्यांना शोधून काढले व घरी चलण्यासाठी अश्रू ढाळून विनविले. परंतु पुत्र मौनच राहिला.

पुढे विरूपाक्ष गुहेत वास्तव्य असताना शिवप्रकाशम् पिळ्ळै या सरकारी नोकरीतील जिज्ञासूंनी १९०२ च्या सुमारास त्यांना प्रश्न विचारले. महर्षींनी लेखी उत्तरे दिली. तीच ‘नान् यार्’ (मी कोण) या पुस्तिकेच्या रूपाने १९२३ मध्ये प्रकाशित झाली. मनात उठणारा पहिला विचार ‘मी’ हाच असून इतर सर्व विचार त्याच्या आधाराने उठतात. म्हणून प्रत्येक विचार कोणाला आला हे पाहत मुळाशी जावे, हे तिचे सार. हा प्रश्न म्हणजे जप नव्हे. त्यासाठी घरदार सोडण्याचीही आवश्यकता नाही, असे महर्षी गृहस्थांस सांगत. १९०७ मध्ये काव्यकंठ गणपती शास्त्री यांनी त्यांना रमण महर्षी हे नाव दिले.

१९१६ मध्ये मातोश्री पुत्राजवळ राहावयास आल्या. १९ मे १९२२ रोजी त्यांच्या अंतकाळी महर्षी त्यांच्या हृदयावर व मस्तकावर हात ठेवून बसले होते. ज्याने घरी परतण्याचे नाकारले, त्याच पुत्राच्या सान्निध्यात मातेने देह ठेवला. त्यांच्या समाधीभोवतीच आजचा श्रीरमणाश्रम उभा राहिला.

१९४९ मध्ये महर्षींच्या डाव्या हातावरील दुर्धर अर्बुदावर वारंवार शस्त्रक्रिया झाल्या. शोकाकुल भक्तांना त्यांनी हेच समजाविले की, आपण कोठेही जात नाही. बालवयात माडीवर मिळालेले उत्तर त्यांनी अखेरच्या दुखण्यातही ढळू दिले नाही.

दक्षिणयात्रेस जाणाऱ्या भाविकांनी सुमारे १४ किलोमीटरची अरुणाचल प्रदक्षिणा अवश्य करावी आणि चालताना क्षणभर स्वतःस विचारावे, की हा चालणारा कोण?

॥ शुभं भवतु ॥